हवालदाराचं नववं कलम

माझ्या भाडेकराराच्या नमुन्यात नववं कलम एका ओळीचं होतं. ‘सदर जागेत कोणताही पाळीव प्राणी ठेवता येणार नाही.’ ही ओळ मी आधी टाईपरायटरवर बडवली, मग संगणकावर. पुढे पुढे तर बडवावीही लागेना, ती नमुन्यातच ठाण मांडून बसलेली असायची. मालकाचं नाव बदलायचं, भाडेकरूचं नाव बदलायचं, पत्ता बदलायचा आणि नववं कलम आपलं जागच्या जागी. ती ओळ मुळात कुणी मागितली होती, असं मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. ज्या अर्जनवीस काकांकडे मी हे काम शिकले त्यांच्या नमुन्यात ती होती, म्हणून माझ्या नमुन्यात आली.

माझं काम काय, ते आधी सांगते. मी वकील नाही. तरी आमच्या शहरात निम्मे लोक मला वकिलीणबाई म्हणतात आणि मीही आता दुरुस्त करत बसत नाही. घर भाड्याने देताना अकरा महिन्यांचा करार लागतो, तो मी लिहिते आणि त्याची नोंदणी करून देते. पूर्वी दुय्यम निबंधकांच्या कचेरीबाहेर माझं टेबल होतं. आता कचेरीच माझ्या पिशवीत आली आहे. लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठा घ्यायचं यंत्र घेऊन मी स्कूटरवरून लोकांच्या घरी जाते. आज चिकलठाण्याला, उद्या बजाजनगरला. कागदावर मालक म्हणजे ‘लिहून देणार’ आणि भाडेकरू म्हणजे ‘लिहून घेणार’. दोघं समोरासमोर बसतात, चहा येतो, फोटो निघतात, अंगठे उमटतात. माणसं इतकी गोड वागतात की जणू सोयरीक जुळली आहे. भांडणं पुढे होतात, आणि ती झाली की दोघंही मलाच फोन करतात.

त्या एका ओळीचा मला पहिल्यांदा राग आला तो बजाजनगरात. लेथवर काम करणारा एक एकटा माणूस करार करायला आला होता. स्कूटरला त्याने तपकिरी कुत्रं बांधलेलं, गळ्यात निळी दोरी. सगळं वाचून झाल्यावर त्याने हळूच विचारलं, “मॅडम, ही नऊ नंबरची लाईन काढता येती का?” मी मान वर न करता म्हणाले, “ती सगळ्यांच्याच करारात असते.” त्याने अंगठा दिला. दहा-बारा दिवसांनी त्याच भागात दुसऱ्या कामाला गेले तर चौकात तेच कुत्रं. निळी दोरी तशीच. स्कूटर दिसली की मागे धावायचं, चालवणाऱ्याचं तोंड बघायचं आणि परत येऊन चौकात बसायचं. माझ्याही स्कूटरमागे आलं. माझंही तोंड बघितलं.

तिथून मी थेट त्या मालकाकडे गेले. म्हटलं, तुमची कुत्र्याला एवढी हरकत होती का? तो म्हणाला, “मला काय करायचंय? राहिलं असतं की पडून. तुम्हीच लिहिलं होतं ना ते?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुणी न मागितलेली ओळ मी लिहिली होती आणि तिने एका माणसाचं कुत्रं रस्त्यावर आणलं होतं. दुसऱ्या दिवशी मी कुत्र्याला शोधायला गेले, ते सापडलं नाही. तेव्हापासून माझ्या नमुन्यात नववं कलम कोरं असतं. करार करताना मी मुद्दाम थांबते आणि विचारते, “घरात कुणी चार पायांचं, पंखांचं आहे का?” लोक आधी हसतात आणि मग एकेक बाहेर यायला लागतं.

कोरं कलम भरणं मात्र सोपं नव्हतं. ‘प्राणी ठेवू नये’ ही एक ओळ, पण ‘ठेवावा’ म्हटलं की पुढे दहा प्रश्न. केस कुणी झाडायचे, वासाचं काय, जिना खराब झाला तर कोण पुसणार. भांडण कुत्र्यावरून कमी आणि त्याच्या मागे राहणाऱ्या घाणीवरून जास्त होतं, हे मी अनुभवाने शिकले.

सुरुवातीला मी हुशारी करून लिहायचे, ‘घर सोडताना स्वच्छ करून द्यावे.’ गुलमंडीच्या मागच्या गल्लीतल्या एका घरी हे लिहिलं. भाडेकरूने दोन वर्षं कुत्रं पाळलं, आणि निघताना माझ्या कलमाला जागून अख्ख्या घरात ॲसिड ओतून घासलं. फरशी शहाबादी. तिला ॲसिड लागलं की ती जळते. आजोबांच्या वेळची काळीभोर गुळगुळीत फरशी पांढरी भुरकट होऊन बसली. भाडेकरू म्हणे, “एवढी स्वच्छ केली, अजून काय करू?” मालक फरशीवर हात फिरवत खाली बसले होते, ते उठायलाच तयार नव्हते. त्या दिवशी मी शिकले की नुसतं ‘स्वच्छ’ लिहून चालत नाही, कशाने स्वच्छ करायचं तेही लिहावं लागतं.

युसूफचाचांचं प्रकरण वेगळं. त्यांची गच्चीवर चाळीसेक कबुतरं. मालक म्हणाले, गच्ची विष्ठेने भरेल. चाचा छातीवर हात ठेवून म्हणाले, “आपा, लिखो. जितनी बीट गिरेगी सब मेरी. एक तिनका नै छोडता मैं.” मी तसंच लिहिलं, रोज सकाळी खरवडून पोत्यात भरायची. वर्षभराने मालकांचा फोन आला. मी धास्तावले. तर त्यांना कलम बदलून हवं होतं. पोतं त्यांना गुलाबाच्या कुंड्यांना हवं होतं आणि चाचा द्यायला तयार नव्हते, कारण कागदावर लिहिलं होतं की सगळी बीट त्यांची.

अशा दहा-वीस घरांनंतर मला वाटायला लागलं, की या विषयात आता मला कुणी शिकवायचं राहिलेलं नाही. अशा वेळी दत्ता औताडे माझ्याकडे आला.

दत्ता पैठणकडच्या गावचा, चिकलठाण्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर. पस्तिशीचा, बोलताना मान खाली घालणारा माणूस. म्हणाला, “मॅडम, पाच घरं बगितली. घर पसंत पडतंय, भाडं पसंत पडतंय, अन् हवालदाराचं नाव काढलं की मालक म्हणतो दुसरीकडं बगा.”

“हवालदार कोण? पोलिसातलं कुणी आहे का घरात?”

“नाय वो. कुत्रं हाये आमचं. रानात राखणीला होतं, म्हणून वडलांनी नाव ठिवलं. आता म्हातारं झालंय, कुणावर भुंकतबी नाय.”

मी म्हटलं, म्हाताऱ्या कुत्र्याला गावीच राहू दे की. त्यावर त्याने खरी गोष्ट सांगितली. त्याच्या आईला, चंद्रकलाबाईंना, काचबिंदू झालेला. या आजारात गेलेली नजर परत येत नाही. उरलेली वाचवायची तर डोळ्यांत थेंब रोज ठरल्या वेळेला पडायला हवेत आणि महिन्याच्या महिन्याला डॉक्टरांना दाखवायला हवं. गावी दोन्ही होत नव्हतं. डॉक्टर शेवटचं बजावून बोलले होते. आणि आई ऐकत नव्हती. हवालदाराच्या गळ्यात तिने घुंगरू बांधलेलं. वडील गेल्यापासून ती त्या घुंगराच्या आवाजावर घरात फिरायची, उंबरा कुठे आणि चूल कुठे ते तिला त्यावरून कळायचं. तिचं एकच म्हणणं, हवालदाराला टाकून मी येत नाय.

म्हणजे कुत्र्याला घर मिळालं तर आई येणार, आणि आई आली तर तिची नजर वाचणार. एवढा सरळ हिशोब होता. बजाजनगरच्या चौकातलं ते तोंड मला आठवलं. मी दत्ताला म्हणाले, “घर मिळेल. करार मी करीन.” असं वचन आमच्या धंद्यात कुणी देत नाही. मी देऊन बसले.

जालना रोडच्या आतल्या अंगाला, एका जुन्या वसाहतीत देशपांडेबाईंचं दुमजली घर आहे. बाई निवृत्त गणिताच्या शिक्षिका. यजमान गेलेले, मुलगी परदेशात, वरचा मजला सहा महिने रिकामा. आधीच्या भाडेकरूंनी तीन मांजरं पाळली होती आणि कपाटातला वास दोन वेळा रंग देऊनही गेला नव्हता. कुत्रं म्हटल्यावर बाईंनी फोनवरच ‘नाही’ म्हटलं. मी दुसऱ्या दिवशी गेले. नाही. तिसऱ्यांदा गेले तेव्हा म्हणाल्या, “सुमनताई, तुम्हाला त्यात काय मिळतं हो?”

मी त्यांना निळ्या दोरीची गोष्ट सांगितली. बाईंनी टेबलावरचा लाल पेन उचलला. मग म्हणाल्या, “माझ्या अटी मी लिहून काढीन. त्या त्याला मान्य असतील तर बघू.”

रविवारी आम्ही खालच्या खोलीत बसलो. दत्ता एकटाच आला होता. बाईंनी रेघांच्या कागदावर लाल शाईने अकरा अटी लिहिलेल्या, प्रत्येकीला आकडा घालून. अशा वेळी माझी एक रीत आहे. मी अटीवर वाद घालत नाही, अटीमागची भीती विचारते. भीती कळली की अट बदलता येते.

“बाई, ही चौथी अट. कुत्र्याला पुढच्या खोलीत झोपवू नये. का?”

“का म्हणजे? तिच्या बरोबर खाली माझं देवघर आहे. माझ्या देवांच्या डोक्यावर कुत्रं झोपणार?”

दत्ताची खाली असलेली मान वर आली. “बाई, आमच्याकडंबी देव हायेत. खंडोबाच्या टाकासमोर आमचा हवालदार बसतो. त्याला कुणी उठवत नाय.”

“खंडोबाला चालत असेल. आमच्या बाळकृष्णाला नाही चालत.”

आता यात करार लिहिणाऱ्या बाईने काय न्याय द्यायचा? मी उठले, देवघरापासून भिंतीपर्यंत पावलं मोजली. सात. मग तिघंही वर गेलो आणि त्याच भिंतीपासून सात पावलं मोजली. बाईंकडे अजून खडूचा डबा होता, त्यातला खडू आणून मी फरशीवर रेघ मारली. रेघेच्या अलीकडे बाळकृष्ण, पलीकडे हवालदार. स्वयंपाकघराला लागून गॅलरी होती, ती रेघेच्या चांगली पलीकडे. करारात लिहिलं, कुत्र्याचं अंथरूण गॅलरीतच राहील. बाईंनी स्वतः पावलं मोजून खात्री केली आणि चौथ्या अटीवर बरोबरची खूण केली.

अशा दहा अटी झाल्या. पायपुसणं जिन्याच्या तोंडाशी ठेवायचं, केस विंचरायचे ते अंगणात, शहाबादी फरशीला ॲसिड लावायचं नाही. माझा हात चांगला चालत होता. राहिली अट अकरावी: ‘संपूर्ण मजला दररोज फिनेल टाकून पाण्याने धुवावा.’ मी दत्ताकडे बघितलं. तो म्हणाला, “लिवा मॅडम, काय बी लिवा. आई आली पायजे बस.”

इथे मी थांबायला हवं होतं. जो माणूस सगळ्याला हो म्हणतो, त्याने काहीच ऐकलेलं नसतं, हे मला माहीत होतं. पण तीन आठवडे खपून मी इथवर आले होते आणि अंगठ्याचं यंत्र टेबलावर तयार होतं. मी अकरावी अट जशीच्या तशी नवव्या कलमात टाईप केली. दोघांचे अंगठे उमटले. दुसऱ्या आठवड्यात चंद्रकलाबाई आल्या. मागे घुंगरू वाजवत हवालदार आला, पिवळसर, एक कान तुटलेला, मागचा पाय ओढत चालणारा.

नवव्या दिवशी सकाळीच देशपांडेबाईंचा फोन.

“सुमनताई, टाकी कोरडी पडली आहे. माझ्या अंघोळीला पाणी नाही. नळ यायला अजून तीन दिवस आहेत!”

आमच्या शहरात राहणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. त्या दिवसांत आमच्याकडे नळाला आठव्या दिवशी पाणी यायचं. पाण्याच्या दिवशी माणसं लग्नाला जात नाहीत, घरात थांबून टाक्या भरतात, भांडीकुंडी भरतात. आणि या शहरात जन्म काढलेल्या मी, निवृत्त गणिताच्या शिक्षिकेने आणि कारखान्याच्या सुपरवायझरने मिळून कागदावर लिहिलं होतं, की तीन खोल्या रोज धुवायच्या. तिघांपैकी एकालाही टाकी आठवली नव्हती. गुलमंडीच्या फरशीने मला ‘कशाने’ विचारायला शिकवलं होतं. ‘कुठल्या पाण्याने’ हे मी विचारलंच नाही.

पाठोपाठ दत्ताचा फोन. “मॅडम, बायको कागदात लिवल्यापरमानं रोज धुती. आम्ही धुतलं बी अन् चुकलं बी. बाई म्हणतात महिन्यात खाली करा. आई कपडे बांधायला लागली. म्हणती, मला गावी सोड.”

मी चहा अर्धा टाकून स्कूटर काढली. वाटेत स्वतःला यथेच्छ शिव्या घातल्या. आईला घर मिळवून द्यायला निघालेली मी, आणि माझ्याच कलमाने तिला घराबाहेर काढायची वेळ आणली होती. पण एक मी ठरवलं होतं. चूक कागदात झाली आहे तर ती कागदातच सुटेल. ती सुटेपर्यंत मी त्या घरातून हलणार नव्हते.

जिन्यात बाई उभ्या होत्या, तोंड लाल. “मला एक शब्द बोलू नका. नियम मी केला, त्यांनी पाळला, मला कळतंय. पण धुतलं नाही तर केस आणि वास, धुतलं तर माझी टाकी रिकामी. याला उत्तर नाही. कुत्रं गेलं तरच सुटेल.”

“बाई, माझी चूक आहे. मला तासभर द्या.”

वर गेलो. दाराशी चंद्रकलाबाई बोचकं घेऊन बसल्या होत्या. साठीच्या, किडकिडीत, नऊवारी नेसलेल्या. शेजारी हवालदार. आमची चाहूल लागताच त्या म्हणाल्या, “बाई, तुमचं पानी सरलं म्हनं आमच्यापायी. चुकलं आमचं. आमच्याकडं कुणी जमीन धुवत नाय वो. लिवलंय म्हनून सून धुती.”

“मग कुत्र्याचे केस कसे काढता?” मी विचारलं.

“हातानं.”

“हाताने म्हणजे?”

त्यांनी सुनेकडून वाटीभर पाणी मागवलं. वाटीत तळहात बुडवला, झटकला आणि खाली बसून तो ओला हात फरशीवरून सरकवत न्यायला लागल्या. त्यांना फरशीवरचे केस दिसत नव्हते. पण हात असा चालला होता की बोटभरही जागा सुटत नव्हती. दोन हात पुढे गेल्या आणि मागे केसांची बारीक वळी तयार झाली. ती उचलून पदरात टाकली. कोपऱ्यात गेल्या, दाराच्या फटीत बोट घातलं. कपाटाखाली हात घालून म्हणाल्या, “हितं तुमच्या मांजराचं केस हायेत अजून. हे आमच्या हवालदाराचं नाय. ह्ये मऊ लागतंय.”

बाई पुढे झाल्या. चंद्रकलाबाईंच्या तळहातावर करड्या केसांची गुंडाळी होती. दोन वेळा रंग देऊन न गेलेला वास कुठे लपला होता, ते आत्ता कळलं. कपाटाखाली, पायांच्या मधल्या फटीत. रोज धुणाऱ्यांना जे दिसलं नव्हतं ते नजर अधू झालेल्या बाईच्या हाताला लागलं होतं.

बाईंनी चष्मा पुसला, खाली बसल्या आणि चंद्रकलाबाईंनी जिथून हात फिरवला तिथून स्वतःचं बोट फिरवलं. बोट उजेडात धरून बघितलं. पुन्हा फिरवलं. मी शाळेत त्यांच्या हाताखाली शिकले नाही, पण वही तपासताना त्या कशा दिसत असतील ते मला त्या वेळी दिसलं.

“एक वाटी पाणी,” बाई म्हणाल्या.

“अर्धी बी पुरती,” चंद्रकलाबाई म्हणाल्या.

मी तिथेच जिन्याच्या पायरीवर लॅपटॉप उघडला. पुरवणी कागदाचा खर्च माझा, हे आधीच सांगून टाकलं. नववं कलम पहिल्यापासून लिहिलं. रोज कोरडा झाडू आणि ओल्या हाताने केस काढणे. एक दिवसाआड ओलं फडकं, त्याला पाणी शुद्धीकरणाच्या यंत्रातून वाया जाणारं, जे बाई आजवर मोरीत सोडून देत होत्या. फरशी धुणे आणि कुत्र्याची अंघोळ फक्त नळाला पाणी येईल त्याच दिवशी. अंघोळ अंगणातल्या कढीपत्त्याखाली, म्हणजे पाणी झाडाला.

“आणि जिना?” बाई म्हणाल्या. “जिना मी त्यांच्यावर सोडणार नाही. पायऱ्या चौदा आहेत आणि त्यांना दिसत नाही. घसरल्या तर?”

“मग काय लिहू?”

बाई जरा अडखळल्या. “मी खालून धुवीन. त्या वरून पाणी सोडतील.”

मी लिहिलं, ‘जिना पाण्याच्या दिवशी दोन्ही पक्षांनी मिळून धुवावा.’ दस्तांत मालक आणि भाडेकरूंनी मिळून काही करावं असं वाक्य मी त्याआधी लिहिलं नव्हतं. नोंदणी कचेरीतल्या ओळखीच्या कारकुनाने फोन करून विचारलं, “मॅडम, हे काय नवीन?” मी म्हटलं, “नवीनच आहे. राहू द्या.”

त्या दिवशी चंद्रकलाबाईंनी बोचकं सोडलं. दुसऱ्या दिवशीपासून थेंब वेळेवर पडायला लागले. दर महिन्याला दत्ता त्यांना दवाखान्यात न्यायचा आणि मला फोन करून सांगायचा, “मॅडम, नजर हाये तेवढी हाये. कमी झाली नाय.” मी इतके करार केले, पण असा फोन दर महिन्याला कुणी केला नव्हता. मला त्याची सवय लागली होती.

अकरा महिने झाले. मुदत संपली, नवा करार करायचा होता. मी गेले तेव्हा दार उघडायला बाई स्वतः आल्या आणि म्हणाल्या, “हवालदार गेला. मागच्या आठवड्यात. झोपेतच.”

मी वर बघितलं. घुंगराचा आवाज नव्हता. त्या तुटक्या कानाच्या कुत्र्याला मी चार-पाच वेळाच भेटले होते, तरी कामाला बसण्याआधी मी वर जाऊन आले. गॅलरीतलं अंथरूण काढलेलं होतं. फरशीवरची रेघ मात्र होती, दर धुण्यानंतर खडूने पुन्हा ओढत आलेली.

खालच्या खोलीत सगळे बसलो. चंद्रकलाबाई जिन्याचा कठडा धरून एकट्या उतरल्या, पायऱ्या मनात मोजत. चौदा झाल्यावर थांबल्या आणि बरोबर खुर्चीकडे वळल्या. मी लॅपटॉप उघडला. नाव तेच, पत्ता तोच, भाड्यात थोडी वाढ. नवव्या कलमावर आले. जड मनाने म्हटलं, “हे आता काढून टाकते.”

“का?” बाई म्हणाल्या.

“बाई, कुत्रं राहिलं नाही. कलम कुणासाठी ठेवायचं?”

बाईंनी खिडकीकडे तोंड केलं. “परवा पाणी आहे. कलम काढलं तर त्या जिना धुवायला का म्हणून येतील?”

चंद्रकलाबाई हसल्या. “अगं मास्तरीणबाई, न लिवता बी येईन की मी.”

“मला लिहिलेलंच बरं वाटतं,” देशपांडेबाई म्हणाल्या. “दस्तात असलं म्हणजे मोडता येत नाही.”

दत्ताने सरळ अंगठा यंत्रावर ठेवला आणि मी कलम टाईप करायची वाट बघत राहिला.

मी जुना दस्त उघडला आणि नववं कलम उचलून नव्या करारात ठेवलं. कोरडा झाडू, ओला हात, कढीपत्त्याखालची अंघोळ, सगळं होतं तसं. त्या घरात आता कुत्रं नाही, हे मला माहीत होतं, आणि तरी एक शब्द मी बदलला नाही.